शाळेत न गेलेला चित्रकार: आरा, आणि आमच्या पडवीतला एक मुलगा

मिठागर (शिरोडा)

महिनाभर आमच्या घरात जेवताना एकच विषय चाललाय, म्हणून इथे लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. दहावी झाली, आयटीआय अर्धवट सोडलं. तो होड्यांवर नावं लिहितो. पूर्वी दुकानांच्या पाट्याही रंगवायचा, पण फ्लेक्स आला आणि ते काम बसलं. रात्री पडवीत बसून उरलेल्या होडीच्या रंगाने प्लायच्या तुकड्यांवर चित्रं काढतो. समुद्र, माड असलं काही नाही. भांडी काढतो. आईची पितळी कळशी, करवंट्या, उन्हात वाळत घातलेली सोलं (आमसुलं), पालथी टोपली. गोव्याला नोकरी करणाऱ्या ओळखीच्या एक बाई घरी आल्या होत्या. त्यांनी ती चित्रं बघितली आणि म्हणाल्या, "हा तर आरा!" बाबांना वाटलं चाकाचा आरा.

मग मी शोधून शोधून वाचलं. कृष्णाजी हौलाजी आरा. जन्म १९१४, सिकंदराबादजवळचं बोलारम. आई अगदी लहानपणी गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि हा सातव्या वर्षी घरातून पळून मुंबईला आला. मोटारी धुतल्या, घरगडी म्हणून राबला. मिठाच्या सत्याग्रहात पकडला गेला, तुरुंगात राहिला. चित्रकलेच्या शाळेची पायरी चढला नाही. १९४२ साली मुंबईत चेतना रेस्टॉरंटमध्ये पहिलं प्रदर्शन, १९४४ला गव्हर्नरचं बक्षीस, १९५२ला 'टू जग्ज' या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक. दोन भांड्यांचं चित्र! ते वाचून मी भावाला रात्री उठवलं.

घरचे म्हणतात, आता तरी सावर्ड्याच्या किंवा देवरुखच्या चित्रकलेच्या कॉलेजात जा, रीतसर शिक. तो म्हणतो, आरा कुठे गेला होता? मला विचारायचंय ते हे: आराचं उदाहरण खरंच धरण्यासारखं आहे का?

---

सुरंगी

वाचतेय. सोलांचं चित्र बघायचंच आहे, फोटो टाक ना. ओल्या सोलांचा तो काळपट लाल कसा आणला असेल?

---

रंगपेटी (चित्रकला शिक्षिका)

मी वीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला मुलं बसवते. म्हणून स्पष्ट सांगते, आराचं नाव पुढे करून मुलाला शिक्षणापासून लांब ठेवू नका. मोटारी धुणाऱ्या हजारो पोरांतला एक आरा आपल्याला दिसतो. ज्यांच्या हातात तेवढंच होतं आणि ज्यांना कुणी बघितलंच नाही, ती पोरं कुठल्या पुस्तकात सापडणार?

शाळा प्रतिभा देत नाही, हे मान्य. पण शाळा वेळ वाचवते. कागद का फुगतो, रंग का फाटतो, मानवी आकृतीत खांदा कुठून निघतो, हे स्वतः चुकत चुकत शिकायला दहा वर्षं जातात.

---

देवगडहापूस

माझो आजो गणपतीच्या शाळेत (मूर्ती करतत थंय) बसायचो. तेका कोणी शिकवल्यान नाय, असा सगळे सांगतत. पण धा वर्सां तो म्हाताऱ्या मेस्त्रीच्या बाजूक बसान रंग वाटीत होतो. बघून बघून हात वळलो. मगे डोळे आखूक लागलो. ह्येका शिकणां नाय म्हणूचा तर काय म्हणूचा?

---

रंगपेटी

@देवगडहापूस, हे मला शंभर टक्के पटलं. गणपतीची शाळा ही शाळाच आहे, नावातच आहे. पिंगुळीला चित्रकथी करणाऱ्या ठाकर समाजाच्या घरांत, सावंतवाडीला गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) रंगवणाऱ्यांकडे मुलं अशीच शिकली. त्यांना कुणी 'स्वयंशिक्षित' म्हणत नाही आणि 'शिक्षित'ही म्हणत नाही. आपल्याकडे या शिकण्याला शब्दच ठेवलेला नाही. सर्टिफिकेट नाही म्हणजे स्वयंशिक्षित, असा हिशोब झालाय.

---

चाकरमानी (डोंबिवली, मूळ कणकवली)

मला आराचं वेड आहे, त्यामुळे हा धागा बघून फार आनंद झाला. मिठागरताई, एक गोष्ट जोडतो, कारण तुमच्या भावाच्या वादाचं उत्तर मला त्यातच दिसतं.

आरा शाळेत गेला नाही हे खरं, पण तो एकटा नव्हता. टाइम्स ऑफ इंडियात रुडी व्हॉन लायडन कलासमीक्षा लिहायचे. त्यांनी याची चित्रं बघितली आणि याला पुढे आणलं. त्याच टाइम्समध्ये वॉल्टर लँगहॅमर हे व्हिएन्नाचे चित्रकार कला विभाग सांभाळत. एमान्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घेत. तिघंही हिटलरच्या काळात युरोप सोडून आलेले. आपला देश सुटलेल्या या माणसांना मुंबईत एक घर सुटलेला मुलगा दिसला. लँगहॅमरांच्या घरी तरुण चित्रकार जमायचे, युरोपातल्या चित्रांवर बोलणं व्हायचं. आराच्या फळांच्या आणि भांड्यांच्या चित्रांत फ्रेंच चित्रकार सेझान दिसतो असं म्हणतात, तो काही वाळकेश्वरच्या वाऱ्याबरोबर आला नव्हता.

मग १९४७ला सूझा, रझा आणि आरा यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे त्यात आले. १९४९ला त्यांचं मुंबईत प्रदर्शन झालं. सहा जणांत बसून रोज भांडणं, रोज एकमेकांची चित्रं फाडून बोलणं. याहून मोठी शाळा कुठली?

---

आंबोळी_चटणी

सहांमध्ये शाळेबाहेरचे दोनच ना? आरा आणि हुसेन.

---

चाकरमानी

हुसेनही पूर्ण बाहेरचे नव्हेत. इंदूरला ते चित्रशाळेच्या संध्याकाळच्या वर्गाला जात. मग मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवले. मिठागरताईंच्या भावाचं काम त्यांच्या जवळचं आहे, लांबून दिसेल असं रंगवायचं, कडा स्वच्छ ठेवायची. गाडे विज्ञानाचे शिक्षक होते. बाकरे मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे. आणि सूझा तर आपल्याच किनाऱ्याचे, गोव्यातल्या सालिगावचे. त्यांना जे.जे.तून १९४५ला काढून टाकलं, छोडो भारत आंदोलनातल्या सहभागावरून. म्हणजे शाळेत गेलेला एक आणि शाळेने बाहेर काढलेला एक असाही प्रकार त्या सहांत आहे.

---

हर्णैबंदर

बाकरे हे नाव निघालं म्हणून लिहितो, विषय थोडा बाजूला जाईल.

सदानंद बाकरे १९५१ला लंडनला गेले आणि १९७५ला परत येऊन आमच्या मुरूड-हर्णैला राहिले. २००७ला वारले तोपर्यंत इथेच होते. ज्या ग्रुपच्या चित्रांना आज कोट्यवधी रुपये मोजतात, त्या ग्रुपचा एकमेव शिल्पकार दापोली तालुक्यातल्या एका गावात तीसेक वर्षं राहिला.

मी इथेच वाढलो. शाळेत आम्हाला मुरूड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव एवढं शिकवलं, आणि ते योग्यच होतं. पण बाकऱ्यांचं नाव एकाही शिक्षकाने घेतलं नाही. सायकलवरून पंधरा मिनिटांवर एवढा मोठा माणूस राहत होता आणि मी चित्रकलेच्या तासाला कमळ आणि कलश काढत होतो. त्यांच्या निधनाची बातमी वाचून मला पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी मी बंदरावर लिलाव चालू असताना तसाच उभा राहिलो. अजून ते मनातून जात नाही.

म्हणून मिठागरताईंना सांगतो, तुमच्या गावात कोण राहतं ते आधी बघा. वेंगुर्ला, सावंतवाडी भागात कुणी निवृत्त चित्रकार असेल. भावाला त्यांच्या दारात नेऊन बसवा.

---

सुरंगी

हे वाचून गलबलून आलं.

---

जकातनाका (रत्नागिरी)

मी नगरपालिकेतून निवृत्त झालो. बरीच वर्षं जकात नाक्यावर काढली. म्हणून माझा आवडता चित्रकार आंरी रूसो. जन्म १८४४, फ्रान्स. पॅरिसच्या जकात खात्यात नोकरी. ट्रक आला, पावती फाड, पुढचा ट्रक, हे आमचं. त्याचं गाड्या आणि पिंपं. १८९३ला नोकरी सोडून पूर्ण वेळ चित्रं.

लोक त्याला हसत. १८८६पासून तो ज्या प्रदर्शनात चित्रं लावायचा, तिथे निवड समितीच नव्हती, कुणालाही लावता येत. तेवढं एक दार उघडं होतं म्हणून आज रूसो आहे. वाघ, माकडं, घनदाट जंगल काढलं त्याने, आणि माणूस फ्रान्सच्या बाहेर कधी गेलाच नाही. पॅरिसच्या वनस्पती उद्यानात जाऊन झाडं बघायचा. १९०८ला पिकासोने त्याच्या मानासाठी मेजवानी दिली. दोन वर्षांनी गेला.

आता माझा मुद्दा. हा सुद्धा नुसता घरात बसून शिकला नाही. लूव्र संग्रहालयात जाऊन जुन्या चित्रांच्या नकला करायची परवानगी त्याने काढली होती. म्हणजे वर्गात गेला नाही, पण उत्तमातलं उत्तम चित्र समोर ठेवून हात चालवला. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलाला फी परवडत नाही हे दुःख आहेच, पण त्याने आयुष्यात एकही मूळ चित्र जवळून पाहिलेलं नसतं, हे मला त्याहून मोठं वाटतं. मोबाइलवर कळशी आणि प्रत्यक्ष रंगवलेली कळशी यात फरक आहे. रंगाचा थर किती, ब्रश कुठून कुठे गेला, ते फोटोत कळत नाही.

देवरुखला लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे. कॉलेजात नाव घालायचं की नाही ते नंतर ठरवा. आधी त्याला तिथे घेऊन जा.

---

रंगपेटी

जकातनाका काका, मी माझं आधीचं मत थोडं सैल करते. दरवर्षी एसटीने मुलांना देवरुखला न्यायचं म्हणते आणि सहामाही परीक्षा आड येते. यंदा नेईनच.

---

काळी_नदी (कारवार)

आमच्या कारवारचा उल्लेख हवाच! रवींद्रनाथ ठाकूर तरुणपणी कारवारला राहिले होते, त्यांचे मोठे भाऊ सत्येंद्रनाथ इथे न्यायाधीश होते. त्याच रवींद्रनाथांनी साठी उलटल्यावर चित्रं काढायला सुरुवात केली. कवितेच्या वहीत खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडत जोडत आकार निघाले. १९३०ला पॅरिसमध्ये प्रदर्शन झालं. २४ वर्षं म्हणजे काहीच उशीर नाही हो.

---

रापण (मालवण)

मला थोडं वेगळं म्हणायचंय आणि ते कुणाला टोचलं तर माफ करा.

रवींद्रनाथांच्या घरात काय नव्हतं? आराशी त्यांची तुलना नको. उशीर चालतो तो ज्याचं घर चालतं त्याला. आमच्याकडे पोरगा बोटीवर गेला नाही तर त्या महिन्याचं काय, हा पहिला प्रश्न. आरा मोटारी धुवून मग चित्रं काढत होता, हे आपण कौतुकाने सांगतो. त्या पोराला विचारलं असतं तर त्याने आधी शाळा मागितली असती की नाही? मला वाटतं मागितली असती.

आणि दुसरं. आराच्या सुरुवातीच्या मोठ्या, गर्दीच्या चित्रांत मला रेखांकन कच्चं वाटतं. शेवटी तो जिथे जिंकला तिथे बघा: फुलं, भांडी, नंतर न्यूड. एक वस्तू, एक शरीर, समोर ठेवून बघायचं. त्याला जे कुणी शिकवलं नव्हतं त्याच्या वाटेला तो फार गेला नाही, आणि जे डोळ्याला येतं त्यावर आयुष्य लावलं. ही त्याची हुशारी मला सगळ्यात मोठी वाटते.

---

चाकरमानी

@रापण, रेखांकनाचं पटत नाही. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात एकदा आराच्या फुलदाणीच्या चित्रासमोर मी अर्धा तास उभा होतो. त्या फुलदाणीचा बाक जरा तिरका आहे, पण तो तिरकेपणा काढला तर ती मरेल. आधी पाण्याच्या रंगात काम केल्यामुळे तो तैलरंगही पातळ लावायचा, खालचं वरून दिसेल असा. शाळेतून आलेला माणूस ते 'चूक' म्हणून सुधारून बसला असता.

पण पहिल्या परिच्छेदाला हात जोडतो. तुम्ही म्हणता ते खरं आहे. आणि आराला बहुधा ते आठवत होतं, कारण पुढे नाव झाल्यावर काळा घोड्याजवळच्या आर्टिस्ट्स सेंटरचं काम तो बघत राहिला. गॅलरीचं भाडं न परवडणाऱ्या नवीन पोरांना तिथे भिंत मिळायची. सूझा १९४९ला लंडनला, रझा १९५०ला पॅरिसला, बाकरे त्यांच्यामागून. आरा मुंबईतच राहिला, १९८५ला तिथेच गेला. बाहेर गेलेल्यांची चित्रं आज जास्त भावाने जातात. मला मात्र थांबलेला जास्त जवळचा वाटतो.

---

आंबोळी_चटणी

आमच्या शिरोड्याला १९३०चा मिठाचा सत्याग्रह झाला होता. आरा तिथे आला होता का?

---

मिठागर

नाही ग, तो मुंबईत पकडला गेला. मीही आधी तेच शोधलं होतं, खोटं कशाला सांगू. बाबा म्हणाले, मीठ तेच ना, मग आपलाच.

---

देवगडहापूस

बाबांका नमस्कार सांग.

---

रंगपेटी

मूळ प्रश्न बाजूला ठेवून एक कामाचं सांगते, कारण कुणीच बोललं नाही. होडीचा एनॅमल रंग प्लायवर लावतोय तो. सुंदर चकाकी येते, पण काही वर्षांत पांढरा पिवळा पडतो. प्लायच्या चारही कडा आणि मागची बाजू आधी प्रायमरने बंद करायची, नाहीतर आपल्या पावसात प्लाय ओलावा खाऊन फुगतो आणि थर सुटतात. शक्य असेल तर मरीन प्लायचे तुकडे मागून आणायचे, बोट बांधणाऱ्यांकडे उरलेले असतात. आणि ओल्या भिंतीला टेकवून ठेवायचं नाही, मागे दोन काठ्या लावून हवा खेळू द्यायची. माझी कॉलेजातली सगळी जलरंगाची कामं एका पावसाळ्यात बुरशीने गेली, म्हणून पोटतिडकीने सांगते.

---

रापण

मरीन प्लाय माझ्याकडे आहे. मालवणला कुणी येणार असेल तर घेऊन जा. पैसे नकोत.

---

मिठागर

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी लिहितेय, कारण आम्ही खरंच देवरुखला जाऊन आलो. भाऊ, मी आणि मामेभाऊ. रापणदादांचं प्लाय जाताना उचललं.

संग्रहालयात तो एका चित्रासमोर इतका जवळ गेला की मामेभावाने मागे ओढलं. बाहेर येऊन चहा घेताना पहिलं वाक्य बोलला: "रंग किती कमी लावलाय गे." चाकरमानीदादा, तुम्ही पातळ रंगाचं लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवलंच नव्हतं. घरी आल्यावर त्याने कळशीचं चित्र काढलं आणि त्यात मागचं लाकूड दिसू दिलंय. आईला ते अर्धवट वाटतं. मला वाटत नाही.

कॉलेजातही चौकशी केली. तिथल्या एका सरांनी त्याच्या मोबाइलमधले फोटो शांतपणे पाहिले आणि भांड्यांबद्दल एकही प्रश्न न विचारता होडीवरच्या अक्षरांबद्दल विचारलं. अक्षराची उंची वाकड्या फळीवर कशी सांभाळतोस? तो पंधरा मिनिटं बोलत होता. घरी तो पंधरा मिनिटं सलग कधी बोलत नाही.

पण अडचण तीच आली, रापणदादा म्हणाले ती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, नारळी पौर्णिमेआधी सगळ्यांना रंग आणि नाव हवं. त्याची वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत. प्रवेशाची धावपळही तेव्हाच. त्याने ठरवलंय की यंदा होड्या करणार, पैसे बाजूला टाकणार, आणि पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. मी भांडले. अजून भांडतेय. आराचं नाव मात्र आता तो घेत नाही. काल मला म्हणाला, आराला लायडन होता, मला कोण आहे? मी हा धागा उघडून फोन त्याच्या हातात दिला.

---

जकातनाका

पोरगा बरोबर बोलला आणि तूही बरोबर केलंस.

---

चाकरमानी

ताई, आमच्या सोसायटीच्या सभागृहात दिवाळीआधी दोन दिवस चित्रं लावू देतात, भाडं नाही. तिथे समीक्षक येणार नाहीत, शेजारी येतील. पण ३५० घरं आहेत आणि भिंत चांगली आहे. पाठवता का? तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरवा, मी स्टेशनवर येतो.

---

हर्णैबंदर

मी डोंबिवलीला बहिणीकडे असतो दिवाळीत. बघायला येणार.

---

मिठागर

तो हो म्हणाला. नऊ प्लाय आहेत, सगळ्यात मोठं तीन फूट बाय दोन. दोन चित्रांच्या मधे काय घालू म्हणजे रंग घासणार नाही? जुनी लुगडी चालतील का?

---

रंगपेटी

एनॅमल पुरता वाळायला महिना धर, नाहीतर लुगडं चिकटेल. मधे आधी बटर पेपर, मग लुगडं, आणि चारही कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे तुकडे.